करंटचं मशीन आणि युनूस मास्टरची सुई

माणसाच्या हातापायाला वायरी चिकटवून त्याला पाऊण तास पलंगावर आडवं पाडलं, की तो बोलतोच. मोबाइल धरायला हात मोकळा नसतो, उठून जाता येत नाही, आणि मधूनमधून करंटचा चटका बसत असल्यामुळे खोटं बोलायला फुरसतही मिळत नाही!

बुलडाण्यातल्या एका नसांच्या दवाखान्यात मी हे मशीन चालवतो. एका जागी नसेला करंट द्यायचा, तो दुसऱ्या जागी पकडायचा, मधलं अंतर टेपनं मोजायचं. नस निरोप किती वेगानं पोचवते आणि किती जोरात, ते पडद्यावर दिसतं. दवाखाना बारा खाटांचा, डॉक्टर मॅडम एकट्या. त्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. लोक मला "करंटवाले दिलीपभाऊ" म्हणतात. आधी राग यायचा, आता पाटीवर तसंच लिहावं म्हणतो. या खोलीत इतके किस्से साचलेत की बायको म्हणते, "तुम्ही पगार कमी आणि गप्पा जास्त घरी आणता."

त्यातले निम्मे एकाच माणसाभोवतीचे आहेत. पण त्याच्याआधी थंडीचा एक सांगतो.

*

बुलडाणा घाटावर. डिसेंबरात सकाळी बोटं वाकत नाहीत. अशाच एका सकाळी माझ्याकडे ओळीनं सहा पेशंट आले आणि सहाही जणांच्या नसा मंद निघाल्या. मी रिपोर्टांचा गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला. "मॅडम, जिल्ह्यात साथ आली वाटतं!"

मॅडमनी पहिल्या पेशंटचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "दिलीप, साथ नाही, थंडी आली आहे." हात गार असला की नसही हळू चालते. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तेव्हा परीक्षा उन्हाळ्यात होती, एवढंच.

त्या दिवसापासून तपासणीआधी प्रत्येकाचे हात कोमट पाण्यात बुडवायचे, असा नियम झाला. दुसऱ्याच दिवशी एक आजी आल्या. मी घमेल्यात त्यांचे हात बुडवले, टॉवेलनं पुसले, पलंगावर बसवलं आणि वायरी घ्यायला वळलो. परत पाहतो तर आजी मांडी घालून, पदर सावरून बसलेल्या.

"हात तं धुतले," त्या म्हणाल्या. "आता वाढ ना बाप्पा!"

*

युनूस मास्टर देऊळघाटचे टेलर. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगानं बारीक, आवाज मात्र दुकानाबाहेरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं होतं. दहा-बारा दिवसांपूर्वी जुलाब झाले, ते थांबले. मग पाय लुळे पडले, मग हात. मॅडमनी त्याच दिवशी भरती करून घेतलं आणि सलाइनमधून औषध सुरू केलं.

तपासणीसाठी त्यांना माझ्या पलंगावर ठेवलं. हात उचलले जात नव्हते, बोटं तर जागची हलत नव्हती. पण डोळे माझ्या टेपवर.

"भाऊ, टेप किती सालची हाय?"

"का हो?"

"फैलली."

मला राग आला. दुखण्यात पडलेला माणूस, आणि मला मापं शिकवतोय! म्हटलं, "मास्टर, ही मेडिकलची टेप आहे."

"मेडिकलची असो का टेलरिंगची. कपड्याची टेप कपड्यासारखीच वागते."

त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी स्टीलची पट्टी आणली आणि टेप तिच्याशेजारी ठेवली. पट्टी तीस सेंटीमीटर. टेप एकोणतीसवर थांबली! ओढून ओढून ताणली गेली होती. म्हणजे मी किती महिने प्रत्येकाचं अंतर कमी मोजत होतो कोण जाणे, आणि अंतर कमी म्हणजे वेग कमी. अख्ख्या जिल्ह्याच्या नसा मी एकट्यानं मंद करून ठेवल्या होत्या.

मास्टर पलंगावरून म्हणाले, "मी अशी टेप लावली असती, तं नवरदेवाची शेरवानी मांडवातच उसवली असती."

मॅडमनी लगेच जुन्या फाइली काढायला लावल्या. काठावरचे रिपोर्ट काढून त्या सगळ्या लोकांना आम्ही फोन करून परत बोलावलं. त्यात माझ्याच गावचा, बीबीचा एक जण होता. स्टीलच्या टेपनं मोजल्यावर त्याची नस ठणठणीत निघाली. तो सदरा घालत म्हणाला, "टेप बदलली अन् मी बरा झालो! मग चार महिने गोळ्या कोणाला चारल्या?"

*

मास्टरांच्या रिपोर्टमध्ये मात्र टेपचा दोष नव्हता. हातांच्या लहरी पार बुटक्या होत्या. वेग बरा, जोर नाही.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि मला दार लावायला सांगितलं. म्हणाल्या, "याचे दोन अर्थ होतात. नसेचा धागाच तुटला असेल, तर हात यायला वर्ष-दोन वर्षं लागतील. बोटांची बारीक कामं कदाचित येणारही नाहीत. आणि धागा शाबूत असून नुसता निरोप अडला असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत माणूस उभा. आज दोन्ही सारखेच दिसतात."

"मग कळणार कधी?"

"तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. लहर उंच झाली तर अडला होता. नाही झाली तर तुटला."

बाहेर वॉर्डात मास्टर हाच प्रश्न घेऊन पडले होते. त्यांचं दुकान भाड्याच्या जागेत होतं. जागेच्या मालकाला मेडिकल स्टोअरवाला भाडेकरू मिळत होता, आणि त्यानं महिनाअखेर हो-नाही सांगायला बजावलं होतं. चोवीस वर्षं बसवलेलं दुकान, सध्या त्यांचा भाऊ कसंबसं चालवत होता.

"मॅडम, सीधी बात सांगा. ठेवू का सोडू?"

"तीन आठवडे थांबा," मॅडम म्हणाल्या. हे एवढंच त्या म्हणू शकत होत्या, आणि मास्टरांना एवढं सोडून बाकी काहीही चाललं असतं.

*

थांबायचं कशासाठी, हे तरी समजावून सांगावं म्हणून मॅडम राउंडला त्यांच्या खाटेवर बसल्या. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर चित्र काढायची त्यांची सवय. "नस म्हणजे वायर समजा. वरचं प्लास्टिक खराब झालं की करंट पुढे जात नाही."

शेजारच्या खाटेवर वडनेर भोलजीचे प्रल्हादभाऊ होते. वीज खात्यातले लाइनमन, खांबावरून उतरताना कमरेची नस दबलेली. ते पालथे पडल्या पडल्याच बोलले.

"मॅडम, हे काही पटलं नाही."

"काय?"

"प्लास्टिक गेलं तं करंट थांबत नाही. उलट लागते! आमच्या खांबावरच्या तारायले कोठी प्लास्टिक असते? साऱ्या जिल्ह्याले उघड्या तारेनंच तं लाइट देऊन राह्यलो!"

वॉर्ड हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांना ते लागलं. पुण्यात हे उदाहरण इतकी वर्षं चाललं होतं. तिकडच्या पेशंटांत लाइनमन नव्हता!

दुसऱ्या दिवशी त्या नवीन कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "वायर विसरा. नसेच्या धाग्यावर ठरावीक अंतरानं बारीक फटी असतात. त्या फटींत अगदी छोटी दारं असतात, दाटीवाटीनं. दारं उघडतात, मिठातला सोडियम आत येतो आणि निरोप तिथे पुन्हा नव्यानं तयार होतो. फटीफटीला ताजा होत तो पुढं जातो. आता गंमत ऐका. ही दारं फटीतच गोळा व्हावीत, हे धागा एकटा नाही ठरवत. धाग्याला विळखा घालून बसलेल्या शेजारच्या पेशी असतात, ग्लिया म्हणतात त्यांना. त्या फटीच्या दोन्ही कडांना धागा घट्ट धरतात, दारांना तिथं जखडून ठेवतात, पसरू देत नाहीत. मास्टर, तुमच्या शरीरानं जुलाबाच्या जंतूशी लढता लढता चुकून त्या फटींवरच हल्ला केलाय. पकड ढिली झाली, दारं विखुरली. मला वाटतंय धागा शाबूत असावा. वाटतंय, म्हणजे खात्री नाही."

मास्टर छताकडे बघतच म्हणाले, "समजलं. काज."

"काय?"

"शर्टाचे काज. काज कोठी पाडायचे, हे काय कापड सांगते? बाजूले पट्टी धरून खडूची निशाणी करा लागते. निशाणी पुसली अन् काजवाल्यानं कोठीही काज पाडले, तं कापड एक नंबर, पण शर्ट लागत नाही."

मॅडमचा चेहरा उजळला. पण प्रल्हादभाऊ हार मानणार थोडेच! "काजाचं काय घेऊन बसले मास्टर? ही सीधी डीपी हाय, ट्रान्सफॉर्मरची. जागोजागी डीपी बसवा लागते. तार ओढणारा येगळा, डीपी बसवणारा येगळा. बसवणाऱ्यानं खांब सोडला की गाव अंधारात!"

दोन दिवस हा वाद चालला. मॅडम राउंडला आल्या की दोघं निकाल मागायचे. ज्या पेशींचं नाव मी कोर्समध्ये एकदाच ऐकलं आणि विसरलो, त्यांच्यावरून माझ्या वॉर्डात दोन तट पडले होते. तिसऱ्या दिवशी एका नव्या पेशंटला भरती केलं. अर्धशिशीचा त्रास. मॅडम त्याच्याजवळ गेल्या तेव्हा तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. माहा बिघाड काजात हाय का डीपीत?"

*

मास्टरांचा माझ्या मशीनवर विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची तपासणी होती. रोज सकाळी चहा झाला की त्यांची बायको, शबानाभाभी, पदराला खोचलेली सुई काढून त्यांच्या उजव्या चिमटीत ठेवायच्या आणि दोरा डाव्या. सुई चादरीवर पडायची. भाभी चाचपून उचलायच्या, पुन्हा खोचायच्या. मी त्या वेळी वॉर्डात जाणं टाळायचो. बघवत नव्हतं.

फिजिओ साहेबांनी बोटांना व्यायाम म्हणून स्पंजचा चेंडू दिला. मास्टरांनी तो खाटेखाली जाऊ दिला. "गेंद काय दाबू साहेब? मी काय लेकरू हाय?"

फिजिओही हट्टी. त्यांनी भाभींना परातीत कणीक घेऊन यायला सांगितली. "कामाची वस्तू आहे, मास्टर. मळा."

मास्टर परातीत दोन्ही हात ठेवून बसले. पहिल्या दिवशी कणकेवर बोटांचे ठसेसुद्धा उमटले नाहीत. भाभी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"काय झालं, भाभी?" मी विचारलं.

"भाऊ, बाईस साल झाले लग्नाले. यायनं परातीत हात घालावा म्हणून बीमारी आणा लागली!"

*

तीन आठवडे झाले. मी आयुष्यात हजारांनी तपासण्या केल्या असतील, पण त्या सकाळी वायरींचा गुंता सोडवतानाच पाच मिनिटं गेली. मॅडम माझ्या मागं उभ्या. दारात भाभी. प्रल्हादभाऊंची त्याच दिवशी कमर दाखवायची पाळी होती, तेही भिंतीला धरून उभे राहिले.

मास्टरांचे हात कोमट पाण्यात बुडवले, पुसले. वायरी लावल्या. मनगटावर करंट दिला.

पडद्यावर सरळ रेघ.

करंट वाढवला. रेघ. अजून वाढवला. रेघ. मागच्या वेळी निदान बुटकी लहर तरी होती! मला मॅडमकडे वळून बघायची हिंमत होईना. दारात भाभींनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मास्टर शांतपणे म्हणाले, "भाऊ, चटका या हाताले देऊन राह्यले. तारा त्या हाताले लावल्या."

खरंच होतं! वायरी डाव्या हाताला आणि करंट उजव्या मनगटावर. अठरा वर्षांच्या नोकरीत मी असं कधी केलं नव्हतं.

दारातून प्रल्हादभाऊ म्हणाले, "आमच्या खात्यात असते ना भाऊ, तं आतापर्यंत तुमच्या फोटोले हार लागला असता!"

मी वायरी काढल्या, उजव्या हाताला लावल्या. करंट दिला आणि लहर उठली. बुटकी नाही, चांगली उंच, पडद्याच्या वरच्या रेघेजवळ जाणारी. डाव्या हाताची केली. तीही तशीच. धागा शाबूत होता. ग्लियांनी कडा परत आवळल्या होत्या आणि दारं आपापल्या जागी गोळा व्हायला लागली होती.

मला रडू आलं. सांगायला लाज कशाला? मॅडमनी चष्मा पुसला, दोनदा पुसला.

"ठेवू का दुकान?" मास्टरांनी विचारलं.

"ठेवा," मॅडम म्हणाल्या. त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

*

मास्टर घरी गेले. पहिल्या महिन्यात चालत आले, दुसऱ्या महिन्यात बसनं एकटे आले. कात्री धरायला लागले. पायमशीनचं पायडल मारायला लागले. फक्त सुईत दोरा जात नव्हता. दर वेळी सांगायचे, "बाकी सब ठीक, भाऊ. पण सुई नाही म्हणते." टेलरनं सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारायची, यानं त्यांना गिऱ्हाइकासमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुकान राहिलं, पण दुकानात मास्टर आहे की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

तिसऱ्या महिन्यात आले तेव्हा मी पूर्ण तपासणी केली. दोन्ही हात, दोन्ही पाय. एकूण एक लहर नॉर्मल. मॅडमनी बोटांची ताकद पाहिली, मूठ आवळायला लावली, कागद दोन बोटांत धरायला लावून ओढून पाहिला. निघेना.

"आता ओवा," मॅडम म्हणाल्या.

मास्टरांनी खिशातून सुई काढली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला. हात स्थिर. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा. खालून गेला. पुन्हा. पाच वेळा, सहा वेळा. मास्टरांच्या कपाळावर घाम आला. मॅडमचा चेहरा उतरला. आजार उलटला की काय, मेंदूत काही बिघाड आहे की काय, त्याचा फोटो काढावा की काय, असं त्या माझ्याशी हळूच इंग्रजीत बोलायला लागल्या. मास्टरांना इंग्रजी येत नव्हतं, पण हळू आवाज समजत होता.

"खतम," ते म्हणाले आणि सुई टेबलावर ठेवली.

माझ्या खोलीत पुढचा नंबर असलेले एक बाबा स्टुलावर बसले होते. शेतकरी माणूस, तळपायाला मुंग्या येतात म्हणून आलेले. ते मघापासून हे सगळं बघत होते. ते उठले, मास्टरांजवळ आले, नाकावरचा चष्मा काढला आणि सरळ त्यांच्या नाकावर बसवला.

मास्टरांनी सुई उचलली. दोरा पहिल्याच झटक्यात आरपार गेला.

आजारी पडेपर्यंत हा माणूस नुसत्या सवयीनं दोरा ओवत होता. डोळ्यांना जवळचं कधीच दिसेनासं झालं होतं, पण हातांनी त्यांना ते कळू दिलं नव्हतं! सगळे नसांच्या मागं, चाळिशीचा चष्मा कोणाला आठवतो? बाबा म्हणाले, "माह्या बायकोचंही असंच झालतं."

मास्टरांनी दोरा काढला, पुन्हा ओवला. काढला, पुन्हा ओवला. मग त्या चष्म्यातून खोलीभर नजर फिरवली. भिंती, मशीन, मॅडम, मी. माझ्यावर नजर थांबली. जवळ येऊन त्यांनी माझी कॉलर दोन बोटांत धरली आणि उलटी केली.

"हा शर्ट कोणी शिवला, भाऊ?"

मी मॅडमकडे पाहिलं. आता सांगणं भाग होतं. "तुमच्याच दुकानात शिवलाय, मास्टर. तुम्ही भरती असताना. तुमच्या भावानं."

मास्टरांनी कॉलर सोडली नाही.

"काढा."

"अहो मास्टर, पुढचा पेशंट..."

"काढा म्हणतो ना!"

मी शर्ट काढला. मॅडम हसू दाबत बाहेर निघून गेल्या. मास्टर खिडकीजवळच्या उजेडात खुर्ची ओढून बसले आणि दातानं टाका तोडून कॉलर उसवायला लागले. मी बनियनवर बाबांना पलंगावर घेतलं, पाय कोमट पाण्यानं पुसले, वायरी लावल्या, मापं घेतली, करंट दिले. पाऊण तासानं तपासणी संपली. बाबा उठून बसले, चपला चाचपल्या, खिडकीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"मास्टर, माहा चष्मा द्या ना. एस्टी चुकन माही."

मास्टरांनी मान वर केली नाही. सुई चालली होती.

"बसा ना बाबा. अजून कॉलर बाकी हाय."